फॉरेनची गाडी

परवा नातवाने फोनवर विचारलं, "आजोबा, तुमच्या वेळी लोकांना फॉरेनच्या गाड्यांचं एवढं वेड का होतं?" दोन वाक्यांत उत्तर देऊन मी मोकळा झालो, पण मन काही मोकळं झालं नाही. कारण याच विषयावरून १९८६ साली मी माझ्या एका विद्यार्थ्याला नको ते बोललो होतो.

मुलगा आमच्या जयगडचाच. दहावीनंतर मुंबईत ड्रायव्हरी केली, मग कुवेतला गेला. सुटीवर आला की न चुकता भेटायला यायचा. त्या वर्षी गप्पांच्या ओघात म्हणाला, "सर, तिकडची टोयोटा सकाळी एका चावीत चालू होते. दिवसभर चालवली तरी पाय दुखत नाही. आता इथली गाडी हातात धरवत नाही." मी पडलो इतिहासाचा मास्तर. रत्नागिरी हे टिळकांचं जन्मगाव, आणि १९०५ सालची विलायती कापडाची होळी मी दरवर्षी वर्गात नव्याने पेटवत असे! ताडकन म्हणालो, "दोन पैसे हातात आले की देशाची लाज वाटायला लागते का रे?" तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने "येतो सर" म्हणून उठला. नंतरही तो भेटायचा, पण गाड्यांचा विषय त्याने माझ्यापुढे पुन्हा काढला नाही.

निवृत्तीनंतर मोटारींचा इतिहास वाचनात आला आणि माझा मलाच प्रश्न पडला, की ज्या गाडीची बाजू घेऊन मी भांडलो, ती देशी होती तरी किती?

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली. १९१९ साली इंग्रजी बोटकंपन्यांना आव्हान देत 'लॉयल्टी' बोट विलायतेला धाडली ती याच वालचंदांच्या सिंदिया कंपनीने. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्यांची जुळणी झाली, मग १९५४ पासून इटलीची फियाट ११००. त्याआधी मुंबईत शिवडीला १९२८ पासून जनरल मोटर्सही सुटे भाग आणून गाड्या जुळवत होती. १९५३ मध्ये सरकारने ठरवलं, की ज्यांना इथे खरोखर उत्पादन करायचं आहे त्यांनीच राहावं. जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. धोरण चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. परकीय चलनाचा खडखडाट होता आणि देशाला आधी यंत्रं हवी होती, धान्य हवं होतं.

घोटाळा पुढे झाला. दार बंद केलं आणि आतल्या माणसाला कामाला लावायचं राहून गेलं. किती गाड्या काढायच्या हे परवान्यावर ठरे. गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट पाही. दारात अशी रांग असताना नवं मॉडेल कोण कशाला काढील? इंग्लंडमध्ये मॉरिस ऑक्सफर्डचं ते मॉडेल १९५९ मध्येच संपलं, आपल्याकडे तीच गाडी अॅम्बॅसॅडर म्हणून २०१४ पर्यंत निघाली. इटलीत फियाट ११०० १९६९ मध्ये थांबली, इथे पुढे तीसेक वर्षं चालली. १९७४ मध्ये तिचं नाव 'पद्मिनी' झालं, पण लोकांच्या तोंडी ती शेवटपर्यंत फियाटच! म्हणजे मी ज्याला स्वदेशी म्हणत होतो, ती दुसऱ्याने टाकून दिलेली जुनी विलायतीच होती.

आणि अस्सल देशी गाडीचं काय झालं? इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी स्वतःच्या हिकमतीवर 'मीरा' नावाची छोटी मोटार बनवली. १९४९ च्या सुमाराला सुरुवात केली आणि सत्तरच्या दशकापर्यंत सुधारणा करत राहिले. गाडी रस्त्यावर धावली, पण कारखाना उभा राहिला नाही. परवान्यांच्या त्या राज्यात एकट्या माणसाचा निभाव लागण्यासारखा नव्हता. होळीच पेटवायची होती तर मी या गोष्टीवर पेटवायला हवी होती. पण मला मीरा ठाऊकच नव्हती, तर मुलांना काय सांगणार?

जुन्या गाड्यांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. निवळी फाट्यापासून जयगडपर्यंतच्या त्या वेळच्या रस्त्यावर फॉरेनची गाडी बंद पडली असती तर सुट्या भागासाठी मुंबई गाठावी लागली असती. फियाट, अॅम्बॅसॅडर कुठलाही मिस्त्री उघडत असे. म्हणून शहाणे ड्रायव्हर मधला मार्ग काढत. आमच्याकडे वडापला ट्रॅक्स चालत. गाडी पुण्याची बजाज टेम्पोची, पण ड्रायव्हर छाती फुगवून सांगणार, "इंजिन मर्सिडीजचं आहे, मास्तर!" आणि ते खरंच त्या बनावटीचं होतं.

१४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० बाहेर पडली. आराखडा जपानच्या सुझुकीचा, सुरुवातीला बरेचसे भागही तिकडचेच. पण गाडी नवी होती, हलकी होती, तिच्यासाठी लोकांनी रांगा लावल्या. म्हणजे ओढ परदेशाची नव्हती, आजच्या गाडीची होती. पुढे १९९५ मध्ये पुण्यात मर्सिडीज बनायला लागली, तर त्याच वर्षी युरोपात त्या मॉडेलची जागा नव्याने घेतली. पैसेवाल्यांनी नाकं मुरडली. तेव्हा मी त्यांना हसलो होतो. आता वाटतं, एवढे पैसे मोजून मागच्या वर्षीचा दिवाळी अंक कुणी घेईल का? २००१ पासून परदेशी गाड्यांवरची आयातबंदी उठली, जबर जकात तेवढी राहिली.

असो. तो विद्यार्थी आता कायमचा गावी परतलाय, त्यालाही नातवंडं आहेत. गेल्या महिन्यात घरी आला तेव्हा मी म्हटलं, "तेव्हा मी तुला उगाच बोललो रे." त्याला सगळं आठवत होतं. म्हणाला, "सर, मी गाडीबद्दल बोलत होतो. देश तुम्हीच मध्ये आणलात." मग त्याने मला अंगणात नेऊन मुलाची नवी गाडी दाखवली. नाव परदेशी, बनावट चाकणची. बॉनेट उघडून अर्धा तास समजावत होता. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण या वेळी मी मध्ये बोललो नाही.

आपल्या नातेवाइकांपैकी कुणी फियाटचा नंबर लावून वर्षानुवर्षं थांबलं असेल, आणि ती पावती अजून कुठल्या ट्रंकेत असेल, तर मला जरूर पाहायला द्या.