वीसला वीस बसतं, पण तेवढ्यानं भागत नाही



आजची नोंद भाताची नाही की काजूची नाही. चाकाची आहे. पण आपला माल शेवटी चाकावरच बाजाराला जातो, म्हणून इथंच लिहितोय.

पुतण्यानं चिरे वाहायला एक जुना ट्रक घेतला. मागचे टायर गुळगुळीत झालेले. कुणीतरी त्याला १०.००-२० चे चार टायर स्वस्तात देऊ केले. मी चाकांवरचा गंज ब्रशनं घासला तर आकडा निघाला ६.५-२०. म्हटलं, हे टायर घेऊ नकोस. तो म्हणाला, "काका, वीसला वीस बसतंच की!"

हेच वाक्य मी चाळीस वर्षांपूर्वी आमच्या आबांच्या तोंडून ऐकलेलं. तेव्हा काय झालं ते पुढं सांगतो. आधी हा वीस आला कुठून ते बघू.

बैलगाडीच्या काळात हा घोळ नव्हता. लोहार आधी लाकडी चाकाचा घेर मोजायचा, मग त्याहून थोडी तोकडी लोखंडी धाव करायचा. धाव लालबुंद तापवून चढवायची नि वर पाणी ओतायचं. लोखंड आकसलं की चाक आवळून धरायचं. पट्टीची रुंदीही चाकाच्या पाट्याएवढी. म्हणजे चाक आणि धाव एकाच माणसाच्या हातून, एकाच मापानं जुळायचे.

मोटारी आल्या तसं चाक एकाचं, टायर दुसऱ्याचा झाला. मग माप लिहून ठेवणं आलं. सुरुवातीला ट्रकच्या टायरवर ३२x६ किंवा ३४x७ असं लिहीत. पहिला आकडा टायरच्या पूर्ण उंचीचा, दुसरा जाडीचा, दोन्ही इंचात. आता ३२ मधून वरचे ६ आणि खालचे ६ वजा करा. उरले २०. चौतीसमधून सात-सात काढा, तरी वीसच. हाच तो वीस, रिमचा व्यास. पुढं टायर जाड आणि कमी हवेवर चालणारे झाले, तेव्हा ७.५०-२०, ८.२५-२०, ९.००-२० अशी नवी पद्धत आली. म्हणजे जाडी आधी, रिमचा व्यास नंतर.

आता खरी गोम इथं आहे. टायरच्या नावात रिमचा व्यास आहे, रिमची रुंदी नाही. ती फक्त रिमवर कोरलेली असते. साधारण जोड्या अशा: ७.५०-२० ला ६ इंची रिम, ८.२५-२० ला ६.५, ९.००-२० ला ७, १०.००-२० ला ७.५. म्हणजे टायरच्या आकड्याच्या पाऊण पट किंवा थोडा जास्त. त्यातही जुन्या गाड्यांचे रिम आणखी अरुंद असत. रिम रुंद होत गेले, टायर त्यावर पसरत गेला, पण नाव तेच राहिलं. म्हणून आज ९.००-२० चा टायर मोजलात तर नऊ नाही, दहा इंचाच्या वर भरतो.

आपल्याकडं हा घोळ वाढायला कारणही तसंच झालं. महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या जुन्या गाड्या विकायला निघाल्या. त्यात इंग्लंडच्या बेडफर्ड, मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या फार्गो, आणि १९५४ पासून जमशेदपूरच्या टाटा-मर्सिडीज. पुष्कळ गाड्यांची चाकं वीस इंची, पण रुंदी वेगवेगळी. भंगारातून चाक उचलायचं नि गाडीला लावायचं, असं चालायचं.

आमचं गाव कुंभार्ली घाटाच्या पायथ्याला. कोयनेचं भूमिगत वीजघर इथंच, पोफळीला. त्याचा पहिला टप्पा १९६२-६३ साली सुरू झाला. प्रकल्पाच्या कामानं आमच्या बापजाद्यांना ट्रकची सवय लागली. पुढं आबांनीही एक जुना ट्रक घेतला. दहावी होऊन मी त्यावरच क्लीनर झालो.

एका वर्षी जास्त भार पेलावा म्हणून आबांनी मागच्या चारी चाकांना १०.००-२० चे टायर घातले. रिम ६.५ चे. बसले, हवा धरली, सगळे खूश. अरुंद रिमवर टायरच्या कडा आवळल्या जातात, मधला भाग फुगतो, आणि वळणावर टायर लडबडतो. त्याहून वाईट म्हणजे मागं जोडीचे टायर. दोघांच्या मधलं अंतर रिमचा बाक ठरवतो, आणि तो ८.२५ साठी केलेला. हे टायर त्या रिमवरही साडेदहा इंचाच्या आसपास रुंद. रिकाम्या गाडीला बोटभर फट दिसायची. भरल्यावर टायर खाली दबून पसरले, नि फट गेली.

कराडहून गूळ भरून उतरत होतो. घाटात जळक्या रबराचा वास आला. आबा म्हणाले, ब्रेकचा असेल. दोन वळणं गेली आणि आतला टायर फुटला, मागोमाग बाहेरचा. गाडी दरीकडं ओढली. आबांनी ती डोंगराच्या गटारात घातली म्हणून आज मी लिहितोय. मी उडी मारून चाकाला दगड लावला तेव्हा हात लटलट कापत होते. तीन महिन्यांची कमाई गेली. आबा घरी येऊन एवढंच म्हणाले, "चूक टायरची नाय रे. मी आकडा अर्धाच वाचला."

म्हणून सांगतो. रिमवरचा आकडा मिटला असेल तर रुंदी आतून मोजा, दोन्ही कडांच्या आतल्या अंगापासून. बाहेरून मोजलीत तर इंचभर तरी जास्त भरेल नि फसाल. ट्रॅक्टरला ट्रकचा हिशोब लावू नका. १२.४-२८ ला ११ इंची रिम लागतो, १३.६-२८ ला १२ इंची, कारण तो टायर कमी हवेवर चालतो. आणि लॉक रिंगचं चाक उघडण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडा. भरताना जाळीत ठेवा, समोर उभं राहू नका. ती रिंग उडाली तर माणूस वाचत नाही.

पुतण्यानं शेवटी ८.२५-२० चेच टायर घेतले. महाग पडले म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. काल चिरे भरून घाट चढून आला. मी जोडीच्या मधे हात घातला. फट शाबूत होती, आणि टायर गार होते.