आंधळें उड्डाण आणि घरीं बांधलेलें विमान

दाट ढगांत शिरलेल्या वैमानिकास प्रथम फसवितें तें त्याचें स्वतःचें शरीर. विमान हळूहळू एका अंगास कलत असतां कानांतील तोल सांभाळणारें इंद्रिय, सर्व कांहीं सरळ आहे, अशीच ग्वाही देत राहतें. क्षितिज दिसत असेपर्यंत डोळा ही चूक सुधारतो. क्षितिज लोपलें कीं ती चूक प्राणावर बेतते.

या फसवणुकीवर निर्णायक विजय मिळाला तो २४ सप्टेंबर १९२९ रोजीं. न्यूयॉर्कजवळील मिचेल फील्ड येथें लेफ्टनंट जेम्स डूलिटल हे कापडी आच्छादनानें पूर्णपणें झांकलेल्या आसनांत बसले. दुसर्‍या आसनावर बेन केल्सी होते, ते केवळ सावधगिरी म्हणून. सुमारें पाव तास उडून डूलिटल सुखरूप उतरले. बाहेरचें कांहींहि त्यांस दिसलें नव्हतें. स्पेरी यांचें कृत्रिम क्षितिज व दिशादर्शक जायरोस्कोप, कोल्समन यांचा सूक्ष्म उंचीमापक आणि रेडिओचा मार्गसंकेत, हेच त्यांचे डोळे झाले.

प्रयोगांतील हीं साधनें पुढें कायद्याच्या यादींत आलीं. अमेरिकेंत हौशी मनुष्यास स्वतःचें विमान बांधतां येतें. अर्ध्याहून अधिक काम हौशी हातांनीं, ज्ञानासाठीं वा करमणुकीसाठीं झालेलें असावें, एवढीच त्याची मुख्य अट. पंखांचा आकार कसा असावा, इंजिन कोणतें असावें, याविषयीं त्यास पुष्कळ मोकळीक आहे. परंतु अशा विमानाच्या परवान्यासोबत उड्डाणाच्या मर्यादा लिहून दिलेल्या असतात. हवाई नियमांच्या कलम ९१.२०५ मधील साधनें नसतील, तर तें दिवसां व स्वच्छ हवेंतच उडवावें लागतें.

ढगांतील उड्डाणासाठीं त्या कलमांत कृत्रिम क्षितिज, दिशादर्शक, वळणाचा वेग व घसरण दाखविणारीं यंत्रें, वायुभाराप्रमाणें जुळवितां येणारा उंचीमापक, मार्गास योग्य अशीं रेडिओ व मार्गदर्शनाचीं साधनें आणि पुरेशी वीज देणारा जनित्र यांचा समावेश होतो. सेकंद दाखविणारें घड्याळहि हवें. सेकंदास ३ अंश या नेहमींच्या गतीनें वळल्यास पूर्ण फेरी २ मिनिटांत होते. म्हणून क्षितिज न दिसतां वळण मोजावयास घड्याळ उपयोगी पडतें. आतां तबकड्यांच्या जागीं विद्युत्‌ पडदे आले, तरी सांगावयाचें तें तेंच.

घरीं बांधलेल्या विमानांत बहुधा बांधणाराच बसतो. आपल्या हातच्या कामावर भरंवसा ठेवण्यास कायद्याची हरकत नाहीं. ढगांत मात्र आपल्या कानावर भरंवसा ठेवूं नये, असें तो बजावतो. कारण कारखान्यांतल्या विमानांत काय आणि घरच्या विमानांत काय, माणसाचा कान एकच आहे.