ई-संजीवनी (बुलढाणा जिल्हा)

ई-संजीवनी : मोबाइल व संगणकाद्वारे वैद्यकीय सल्ला देणारी भारत सरकारची सेवा (पहा : दूरवैद्यक). मोहालीच्या सी-डॅक (प्रगत संगणन विकास केंद्र) या संस्थेने विकसित केलेली ही सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये आरोग्य केंद्रांसाठी आणि एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, घरबसल्या सल्ल्यासाठी सुरू झाली. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाचा रक्तदाब व साखर तपासून नोंद भरतात. दूरचे डॉक्टर पडद्यावर रुग्णाशी बोलून औषधाची चिठ्ठी पाठवतात. बुलढाण्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील आदिवासी वस्त्यांसाठी या सेवेचे महत्त्व विशेष. मात्र डोंगरभागात नेटवर्क ही पहिलीच अट. सेवेचा दीर्घकालीन टिकाऊपणा केवळ सल्ल्यांच्या संख्येवरून ठरत नाही. वीज, कंत्राटी मनुष्यबळ, चिठ्ठीतले औषध त्याच उपकेंद्रात मिळणे आणि घरपोच पाठपुरावा यांवर तो अवलंबून असतो (पहा : आशा स्वयंसेविका).