हिट्स, टॅग आणि न उघडलेली नस्ती

बंगळूरला नेमणुकीवर असताना कार्यालयात जाण्यासाठी मी रोज यशवंतपूर मेट्रो स्थानकातून गाडी पकडत असे. १ मार्च २०१४ पासून सुरू असलेल्या या स्थानकात आत जाण्यासाठी टोकन किंवा स्मार्ट कार्ड फाटकाच्या यंत्रावर टेकवावे लागे. टोकन टेकवले की एक माणूस आत गेला, एवढेच यंत्राला समजते. कार्ड टेकवले की तेच कार्ड काल किती वाजता आले होते, कोठे उतरले होते, हेही समजू शकते. फाटक तेच, पण एकात मोजणे आहे आणि दुसऱ्यात ओळखणे. संकेतस्थळांवरील अभ्यागतांच्या मोजणीचा इतिहास म्हणजे पहिल्याकडून दुसऱ्याकडे झालेला प्रवास होय. आम्हा सरकारी लोकांनी तो केला, पण केल्याचे आमच्या लक्षात आले नाही.

आरंभी मोजणी अगदी साधी होती. प्रत्येक वेब सर्व्हर आपली एक नोंदवही ठेवतो. कोणत्या पत्त्यावरून, किती वाजता, कोणती फाईल मागितली गेली आणि ती दिली की नाही, याची त्यात एकेक ओळ असते. आपल्या कचेऱ्यांतील आवक-जावक नोंदवहीशी तिचे नाते स्पष्ट आहे. १९९५ साली केंब्रिजच्या स्टीफन टर्नर यांनी ॲनालॉग नावाची आज्ञावली मोफत उपलब्ध करून दिली. ती ही वही वाचून कोष्टके बनवी. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. यशवंतपूरच्या शेजारची भारतीय विज्ञान संस्था मात्र एर्नेटच्या मूळ केंद्रांपैकी एक असल्याने या विषयात आधीपासूनच होती.

त्या काळच्या सरकारी संकेतस्थळांच्या तळाशी ओडोमीटरसारखे आकडे फिरत असत, ते वाचकांना आठवत असतील. मी तेव्हा ज्या कार्यालयात होतो, तेथील वार्षिक अहवालात 'संकेतस्थळास इतके लाख हिट्स मिळाल्या' हे वाक्य मीच घातले होते. हिट म्हणजे एका फाईलची एक मागणी. पानावर १४ चित्रे असली तर एक नागरिक आला की १५ हिट्स होतात. म्हणजे नवे बोधचिन्ह लावले की लोकप्रियता आपोआप वाढे! अर्थशास्त्राचा पदवीधर असूनही परिमाण कोणते आहे, हे मी विचारले नाही. आकडा चढता होता, आणि चढत्या आकड्याला प्रश्न विचारण्याची आपल्याकडे प्रथा नाही.

ओळखण्याचे साधन त्याआधीच तयार झाले होते. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली यांनी कुकी शोधून काढली. ब्राउझरमध्ये ठेवलेली ही छोटीशी खूणचिठ्ठी पुढच्या भेटीत सर्व्हरला परत दाखवली जाते. तिच्या जोडीला पुढे टॅग आला, म्हणजे पानात चिकटवायच्या आज्ञावलीच्या काही ओळी. एप्रिल २००५ मध्ये गूगलने अर्चिन ही मोजणी करणारी कंपनी घेतली आणि नोव्हेंबरात गूगल ॲनालिटिक्स मोफत खुले केले. मागणी इतकी उसळली की नवी नोंदणी काही काळ थांबवावी लागली.

माझ्या मते खरे वळण येथे आहे. सर्व्हरची नोंदवही आपल्या कार्यालयात राहत होती. टॅग लावल्यावर नागरिकाच्या ब्राउझरमधून वार्ता थेट बाहेरच्या कंपनीकडे जाऊ लागली, आपल्या सर्व्हरला वळसा घालून. एवढा मोठा बदल, पण त्याची नस्ती कोठेच उघडली नाही. कारण उघड आहे: किंमत शून्य होती. सामान्य वित्तीय नियमांनुसार खर्चाला मंजुरी लागते, वित्त शाखेची सहमती लागते. जेथे खर्चच नाही, तेथे प्रस्ताव नाही, आणि प्रस्ताव नाही म्हणून 'ही माहिती कोणाकडे जाणार?' हा प्रश्न विचारणारा टेबलही नाही. फुकट वस्तूची किंमत दुसरेच कोणी भरत असते, हे आम्ही पहिल्या वर्षाला शिकतो आणि नोकरीत विसरतो.

पुढे टॅग वाढले. ऑक्टोबर २०१२ मध्ये गूगल टॅग मॅनेजर आला. पानात एकदाच एक पेटी बसवायची आणि नंतर कोणता टॅग, कोणत्या घटनेला चालवायचा, हे बाहेरून ठरवायचे. बहुतेकांना ही सोय पानाला हात न लावता टॅग बदलता येतात म्हणून आवडली. मला ती आवडली निराळ्या कारणाने. त्यात केवळ वाचणे, संपादन, मान्यता आणि प्रकाशन असे वेगवेगळे अधिकार देता येतात; प्रत्येक बदलाची आवृत्ती कर्त्याच्या नावानिशी आणि दिनांकासह राहते. म्हणजे टिपणी, मान्यता, आदेश. प्रत्यक्षात मात्र सर्वांना सर्व अधिकार देऊन ठेवलेले असतात.

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाचे संकेतस्थळ नव्याने बांधताना आम्ही जुन्या पानांतले टॅग मोजले. सहा निघाले. एक अशा कंत्राटदाराचा होता, ज्याचा करार कधीच संपला होता. त्याहून वाईट गोष्ट तक्रार अर्जाच्या पानावर दिसली. अर्ज भरल्यावर येणाऱ्या पत्त्यातच तक्रार क्रमांक आणि मोबाईल क्रमांक असे. विश्लेषणाचा टॅग पानाचा पूर्ण पत्ता पाठवतो. म्हणजे तक्रारदाराचा मोबाईल क्रमांक वर्षानुवर्षे बाहेर जात होता. कोणी दुष्टपणे हे केलेले नव्हते. एकाने अर्ज लिहिला, दुसऱ्याने टॅग लावला, आणि दोघांची गाठ कधी पडलीच नाही.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. त्या खटल्याला ज्यांचे नाव आहे, ते के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती होते. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, तेही टप्प्याटप्प्याने लागू होणारे. आमचे सहा टॅग या सर्व काळात शांतपणे चालू होते. युरोपात ऑस्ट्रियाच्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच गूगल ॲनालिटिक्सच्या एका वापराला नियमबाह्य ठरवले होते.

आम्ही प्रथम अर्जाचा पत्ता दुरुस्त केला. मग चार टॅग काढले. मोजणीसाठी मॅटोमोचा विचार केला. ही खुली प्रणाली आपल्याच सर्व्हरवर चालते आणि युरोपीय आयोगही ती वापरतो. येथे मात्र गंमत झाली. तिला सर्व्हरवर जागा लागते, देखभालीला माणूस लागतो, म्हणजे खर्च आला. खर्च आला म्हणून नस्ती उघडली, आणि नस्ती उघडली म्हणून वित्त शाखेने पहिल्याच टिपणीत विचारले, की ही मोजणी हवी कशासाठी? इतक्या वर्षांत हा प्रश्न प्रथमच कागदावर आला होता. उत्तर लिहायला आम्हाला तीन आठवडे लागले. कोणत्या योजनेचे पान लोक अर्धवट सोडतात आणि कोणता अर्ज मोबाईलवर उघडत नाही, एवढेच आम्हाला खरोखर हवे होते. त्यासाठी कोणालाही ओळखण्याची गरज नव्हती.

उरलेल्या दोन टॅगांसाठी मी एक साधी नोंदवही करून घेतली: टॅग कोणी मागितला, कशासाठी, माहिती कोठे जाते, कधी काढायचा. मॅनेजरमधील प्रकाशनाचा अधिकार दोघांपुरता ठेवला, आणि टॅग सुचवणाऱ्याने तो स्वतः प्रकाशित करायचा नाही, असे ठरले. माझी बदली झाली तेव्हा एका टॅगापुढचे सर्व रकाने भरलेले होते. दुसऱ्यापुढचा 'कशासाठी' हा रकाना अजून रिकामा होता, आणि कार्यभार सोपवताना तयार केलेल्या यादीत मी ते स्वतंत्र बाब म्हणून नोंदवले.