आधी वेताची वही, मग जनुक

आनुवंशशास्त्रात फलटणचं नाव झालं ते मेंढ्यांमुळे. बनबिहारी निंबकरांनी तिथे १९६८ साली स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं १९९०च्या दशकात सुंदरबनातल्या चिमुकल्या गॅरोल मेंढ्या आणून दख्खनीशी त्यांचा संकर सुरू केला. धनगराच्या वाड्यातली दख्खनी मेंढी वेताला सहसा एकच कोकरू देते. गॅरोलला जुळी-तिळी नवी नाहीत. त्यामागचा ‘फेकबी’ हा जनुकीय बदल २००१ साली हाती लागला, रक्त तपासून पैदाशीची निवड करता येऊ लागली आणि ‘नारी सुवर्णा’ ही मेंढीची नवी जात उभी राहिली. पण हा शोध प्रयोगशाळेत सुरू झाला नव्हता. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालातून ऑस्ट्रेलियात गेलेल्या मेंढ्यांचा वारसा तिथल्या बुरूला कळपात उतरला होता, आणि जुळ्या-तिळ्यांमागे एकच मोठा जनुक असावा हा तर्क त्या कळपाच्या वेतांच्या नोंदींवरून १९८०च्या सुमारास निघाला.

पार्किन्सनच्या रुग्णांच्या झोपेचं जनुकीय संशोधन अडतं ते नेमकं अशाच नोंदींच्या वहीपाशी. जेम्स पार्किन्सननं १८१७च्या निबंधातच बिघडलेल्या झोपेची नोंद केली होती. तरी स्वप्नात ओरडण्या-लाथाडण्याच्या विकाराचं रीतसर वर्णन व्हायला १९८६ उजाडलं. एरवी स्वप्नाच्या झोपेत स्नायू ढिले पडतात. इथे ते पडत नाहीत. माणूस स्वप्नातल्या चोराला ठोसा मारतो आणि तो बसतो शेजारी झोपलेल्या बायकोला. हात थरथरू लागण्याच्या कित्येक वर्षं आधीही हे सुरू होतं. साक्षीदार ती एकटी, आणि तिला विचारतं कोण? जीबीए जनुकातला बदल असलेल्या रुग्णांत हा विकार जास्त दिसतो, एलआरआरके-२ मधला बदल असलेल्यांत कमी, एवढं कळलंय. तेही जिथे कुणीतरी रात्रीची चौकशी केली तिथेच.

मेंढीचा न्याय माणसाला कसा लावता, असं कुणी म्हणेल. तिथे एक जनुक. इथे अनेक, शिवाय वय आणि झोप उडवणारी औषधंही. आक्षेप रास्त आहे, पण त्यानं माझाच मुद्दा बळावतो. कोकरं उजेडात मोजता येत होती, जनुक ठसठशीत होता, तरी एवढा काळ गेला. मग जिथे प्रत्येक जनुकाचा वाटा बारीक आणि लक्षण अंधारातलं, तिथे नोंद ढिसाळ ठेवून भागणार नाही. रात्रभराची झोप-तपासणी महाग आहे, हेही खरं. झोपेत श्वास अडकणारी माणसंही असेच हातपाय झाडतात, त्यामुळे बायकोचं उत्तर म्हणजे निदान नव्हे. पण त्या महागड्या तपासणीला कुणाला पाठवायचं, हे त्या फुकटच्या उत्तरावरून ठरवता येतं.