वेल पांघरूण की घाव?

आपल्या बॅचमधले बरेच जण रविवारी कोयता-फावडे घेऊन दुर्गसंवर्धनाला जातात. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेल्यापासून तर ग्रुपवर दुसरा विषय नसतो. म्हणून स्मरणिकेसाठी सॉफ्टवेअर बाजूला ठेवून हेदर व्हाइल्स यांच्याविषयी लिहिते आहे.

व्हाइल्सबाई ऑक्सफर्डच्या प्राध्यापक. विषय भूरूपशास्त्र, म्हणजे डोंगर-किनारे कसे घडतात, कसे झिजतात. शेवाळ, दगडफूल, मुळे यांचा त्या झिजेशी काय संबंध, यावर त्यांनी १९८८ साली 'बायोजिओमॉर्फॉलॉजी' हा ग्रंथ संपादित केला. कड्याचा दगड आणि चर्चचा दगड झिजण्याचे नियम काही वेगळे नसतात. त्यामुळे त्यांची वाट जुन्या इमारतींकडे वळली.

लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलच्या कठड्यावर १९८० पासून तीस वर्षे झीज मोजली गेली. त्या चमूत त्याही होत्या. ऐंशीच्या दशकात वर्षाला साधारण मिलिमीटरचा विसावा भाग दगड जात होता. पुढे वेग मंदावला. नदीपलीकडचे बँकसाइड वीजकेंद्र १९८१ मध्ये बंद झाले होते आणि हवेतला सल्फर डायऑक्साइडही घटत गेला. तीस वर्षे तोच कठडा मोजायचा! आमच्या धंद्यात तीन वर्षांची प्रणाली जुनाट ठरते.

खरा वाद होता आयव्हीच्या वेलीचा. ती दिसली की काढायची, असा रिवाज. इंग्लिश हेरिटेजसाठी व्हाइल्स आणि सहकाऱ्यांनी जुन्या भिंतींवर, वेलीखाली आणि उघड्या भागात, तापमान व आर्द्रता नोंदवली. वेलीखालची भिंत दिवसा कमी तापते, रात्री कमी गारठते; पाने रस्त्याची धूळ-काजळीही अडवतात. मात्र भेगेत मूळ शिरले की तीच वेल भिंत फोडते. हे तपासायला वायटमच्या जंगलात मुद्दाम एक भिंत बांधली. पडक्या भिंतींच्या माथ्यावर कडक गिलाव्याऐवजी माती आणि गवताची टोपी घालण्याचे प्रयोगही त्यांनी केले.

२०१४ मध्ये यूसीएल, ऑक्सफर्ड आणि ब्रायटन यांचे वारसा-विज्ञानाचे पीएचडी केंद्र सुरू झाले. ऑक्सफर्डची बाजू व्हाइल्सबाईंकडे होती. विद्यार्थी वारसास्थळे आणि कंपन्यांबरोबर काम करत. मला हे काम आयव्हीइतकेच मोठे वाटते, कारण मोजणारी माणसे आपोआप तयार होत नाहीत.

आपल्याकडे आयव्ही नाही. पिंपळ, वड, उंबर आहेत. त्यांची मुळे सांध्यात शिरली की चिरे सुटतात, तिथे दयामाया नको. पण तटाच्या माथ्यावरचे गवत? ते पावसाचा मार झेलते की पाणी आत मुरवते? रायगडाच्या काळ्या दगडाचे उत्तर कोकणातल्या जांभ्याला लागू पडेलच असे नाही. पुढच्या मोहिमेला नोंदणीची चार छोटी यंत्रे मी आणते. भिंत कोणती ते तुम्ही ठरवा, आणि पुरातत्त्व खात्याची परवानगी कोण काढणार तेही.