ब्लास्टिंग (पृष्ठभाग प्रक्रिया)

हा लेख धातू, काँक्रीट, दगड इत्यादींच्या पृष्ठभागावर करावयाच्या प्रक्रियेविषयी आहे. खाणीत किंवा विहिरीत दारू ठासून खडक फोडण्याच्या क्रियेसाठी सुरुंग हा लेख पाहा.

ब्लास्टिंग म्हणजे कठीण कणांचा किंवा पाण्याचा वेगवान झोत एखाद्या पृष्ठभागावर मारून त्यावरील गंज, जुना रंग, ओतकामाची वाळू, क्षार किंवा मळ काढून टाकण्याची औद्योगिक प्रक्रिया होय. कणांचा झोत वापरल्यास तिला अपघर्षक ब्लास्टिंग म्हणतात, तर केवळ अतिदाबाचे पाणी वापरल्यास जलझोत किंवा वॉटर जेट ब्लास्टिंग म्हणतात. पूल, धरणांची दारे, जहाजे, तेलाच्या टाक्या, नळवाहिन्या आणि यंत्रांचे सुटे भाग यांना रंग किंवा अन्य संरक्षक लेप देण्यापूर्वी ही प्रक्रिया केली जाते. कोरड्या वाळूच्या वापरामुळे कामगारांना होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य रोग हा या तंत्राच्या इतिहासातील सर्वांत गंभीर विषय आहे.

संज्ञा

मराठी परिभाषेत 'अॅब्रेसिव्ह' या शब्दासाठी 'अपघर्षक' ही संज्ञा रूढ आहे. प्रत्यक्ष कारखान्यांत मात्र 'सँड ब्लास्टिंग', 'शॉट ब्लास्टिंग' आणि 'ग्रिट ब्लास्टिंग' हेच शब्द चालतात. शॉट म्हणजे पोलादाचे गोल दाणे, तर ग्रिट म्हणजे धारदार कोनांचे तुकडे. वाळूचा वापर बंद झालेल्या ठिकाणीही जुन्या सवयीने कोणत्याही ब्लास्टिंगला 'सँड ब्लास्टिंग' म्हटले जाते. त्यामुळे केवळ नावावरून कोणता पदार्थ वापरला आहे हे ठरविता येत नाही.

इतिहास

अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील बेंजामिन च्यू टिल्घमन यांना १८७० साली या प्रक्रियेचे एकस्व (पेटंट) मिळाले. वाफ, हवा किंवा पाणी यांच्या जोराने वाळू फेकून काच, दगड व धातू कोरणे, घासणे आणि स्वच्छ करणे अशी त्यांची कल्पना होती. वाऱ्याने उडालेल्या वाळूमुळे खिडक्यांच्या काचा धूसर झालेल्या पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. पुढे संपीडित हवेची यंत्रे सुलभ झाल्यावर ओतशाळा आणि जहाजबांधणी यांत ही पद्धत झपाट्याने पसरली. विसाव्या शतकात फिरत्या चाकाने पोलादी दाणे फेकणारी यंत्रे आली. त्यांना संपीडित हवेची गरज नसल्याने मोठ्या प्रमाणावरील काम स्वस्त झाले. त्याच शतकाच्या उत्तरार्धात अतिदाबाचे पंप विकसित झाल्यावर निव्वळ पाण्याने रंग व गंज काढणे शक्य झाले.

कार्यतत्त्व

गतिमान कणाची ऊर्जा त्याच्या वस्तुमानाच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. आघातामुळे गंजाची ठिसूळ खपली फुटून निघते आणि खालच्या धातूवर सूक्ष्म खळगे पडतात. या खडबडीतपणाला 'प्रोफाइल' म्हणतात. रंगाचा थर या खळग्यांत रुतून बसतो. पोलादावरील सामान्य रंगकामासाठी साधारण ४० ते ७५ मायक्रॉन खोलीचे खळगे पुरेसे ठरतात. खळगे फार उथळ असल्यास रंग सुटतो आणि फार खोल असल्यास त्यांची टोके रंगाच्या थराबाहेर राहून तेथून गंज सुरू होतो.

निव्वळ पाण्याच्या झोताने असे नवे खळगे पडत नाहीत. तो जुना थर काढून मूळचे खळगे उघडे करतो. म्हणून नव्या पोलादासाठी अपघर्षक ब्लास्टिंग, तर पूर्वी रंगविलेल्या वस्तूच्या दुरुस्तीसाठी जलझोत अधिक सोयीचा असतो.

उपकरणे

*हवेच्या दाबावर चालणारा संच.* यात कॉम्प्रेसर, हवेतील ओलावा व तेल वेगळे करणारे गाळणे, अपघर्षक भरलेली दाबपात्राची टाकी, जाड रबरी नळी आणि नोझल हे भाग असतात. नोझलपाशी हवेचा दाब साधारण ७ बार ठेवला जातो. ९.५ मिलिमीटर छिद्राच्या नोझलला या दाबावर दर मिनिटाला सुमारे साडेपाच घनमीटर हवा लागते. छिद्र झिजून मोठे झाले की हवेचा खप झपाट्याने वाढतो आणि दाब उतरतो. म्हणून नोझलला टंगस्टन कार्बाइड किंवा बोरॉन कार्बाइड अशा अत्यंत कठीण पदार्थांचे अस्तर असते. चालकाच्या हातातील कळ सुटताच झोत आपोआप बंद होण्याची सोय असणे आवश्यक असते. अशा कळीला 'डेडमॅन हँडल' म्हणतात.

*चाकी यंत्र.* बंद कक्षात वेगाने फिरणाऱ्या चाकाची पाती पोलादी दाणे सेकंदाला सुमारे ७० ते ८० मीटर वेगाने वस्तूवर फेकतात. खाली पडलेले दाणे वर उचलून, चाळून व धूळ वेगळी करून पुन्हा चाकाकडे पाठविले जातात. पोलादी दाणा अशा रीतीने शेकडो वेळा वापरता येतो. वाळूचा कण पहिल्याच आघातात फुटतो.

*कॅबिनेट.* लहान वस्तूंसाठी काचेची खिडकी व हातमोजे बसविलेली बंद पेटी वापरतात. चालक बाहेर उभा राहून काम करतो आणि आतली धूळ पंख्याने ओढून घेतली जाते.

*ओले ब्लास्टिंग.* यात अपघर्षकाबरोबर पाणी मिसळले जाते. त्यामुळे उडणारी धूळ बरीच कमी होते, पण पूर्णपणे नाहीशी होत नाही.

*जलझोत संच.* यात दट्ट्यांचा पंप, पोलादी तारांचे वेष्टण असलेली नळी, बंदूक आणि बारीक छिद्रांचे फिरते नोझल असते. ७०० ते २१०० बार दाबाला उच्चदाब आणि त्यावरील दाबाला अतिउच्चदाब म्हणण्याची पद्धत आहे. २००० बार दाबावर पाणी सेकंदाला सुमारे ६३० मीटर वेगाने बाहेर पडते, म्हणजे ध्वनीच्या हवेतील वेगाच्या जवळजवळ दुप्पट वेगाने. मिनिटाला १५ लिटर पाणी सोडणारी अशी बंदूक चालकाला सुमारे १६ किलोग्रॅम वजनाइतक्या जोराने मागे ढकलते. त्यामुळे अशा कामात दर थोड्या वेळाने चालक बदलणे किंवा बंदूक यंत्रावर बसविणे हिताचे असते.

अपघर्षक द्रव्ये

पोलादी शॉट व ग्रिट बंदिस्त कक्षात वापरले जातात. उघड्यावरील कामासाठी गार्नेट आणि तांबे शुद्धीकरणातून उरणारी मळी म्हणजे कॉपर स्लॅग ही द्रव्ये प्रचलित आहेत. भारतात गार्नेट प्रामुख्याने तमिळनाडू, ओडिशा इत्यादी राज्यांतील किनारी वाळूतून मिळते. काचेचे मणी, प्लॅस्टिकचे कण, अक्रोडाच्या कवचाचा चुरा आणि खाण्याचा सोडा ही नाजूक कामासाठीची द्रव्ये होत.

नदीची वाळू हे सर्वांत स्वस्त द्रव्य असले तरी तिच्यातील गारगोटी, म्हणजेच क्वार्ट्झ, हा स्फटिकरूप सिलिका असतो. विदर्भात कन्हान व वैनगंगा या नद्यांच्या वाळूत क्वार्ट्झचे प्रमाण मोठे आहे. बांधकामासाठी तो गुण ठरतो, पण ब्लास्टिंगसाठी तोच घातक ठरतो.

स्वच्छतेच्या प्रती

ब्लास्टिंगनंतर पोलाद किती स्वच्छ झाले हे आयएसओ ८५०१ या आंतरराष्ट्रीय मानकातील छायाचित्रांशी ताडून ठरविले जाते. या मानकाचे मूळ स्वीडनच्या राष्ट्रीय मानकात आहे. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ९९५४ हे मानकही सचित्र आहे. मुख्य प्रती पुढीलप्रमाणे आहेत.

- एसए १ : सैल गंज व सुटलेली खपली काढलेली.
- एसए २ : बहुतेक गंज, खपली व रंग काढलेला, घट्ट चिकटलेले अवशेष चालतात.
- एसए २½ : केवळ ठिपक्यांच्या वा पट्ट्यांच्या रूपातील पुसट डाग उरलेले.
- एसए ३ : एकसारखा धातुरंग दिसणारा पृष्ठभाग.

पूल व टाक्यांच्या कामात बहुधा एसए २½ प्रतीची अट असते. जलझोताने केलेल्या कामासाठी याच मानकाचा चौथा भाग वापरतात. पाण्याने धुतलेल्या पोलादावर वाळतानाच तांबूस पुट चढते. त्याला 'फ्लॅश रस्ट' म्हणतात आणि त्याच्याही प्रती ठरलेल्या आहेत.

उघडे पडलेले पोलाद लगेच गंजू लागते, म्हणून रंगाचा पहिला हात काही तासांतच द्यावा लागतो. पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअसने अधिक आणि हवेची सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांपेक्षा कमी असावी, असा सर्वसाधारण नियम आहे. त्यामुळे कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात उघड्यावरील काम बहुतेक थांबवावे लागते.

महाराष्ट्रातील उपयोग

कोल्हापूर परिसरातील ओतशाळा हे राज्यातील शॉट ब्लास्टिंगचे एक प्रमुख क्षेत्र आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि इचलकरंजी येथे वाहनांचे व पंपांचे ओतीव भाग तयार होतात. साच्यातून काढलेल्या ओतकामावर चिकटलेली वाळू चाकी यंत्रात काढली जाते. येथे अपघर्षक पोलादी असला तरी निघणारी धूळ साच्याच्या वाळूची, म्हणजे सिलिकाचीच असते.

मुंबईत माझगाव गोदीतील जहाजबांधणी आणि माहुल-तुर्भे परिसरातील तेलशुद्धीकरण प्रकल्पांच्या टाक्या यांसाठी ही प्रक्रिया आवश्यक ठरते. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या अटल सेतूत पोलादी पृष्ठतक्त्यांचे लांब गाळे आहेत. खाऱ्या हवेत अशा पोलादाचे आयुष्य मुख्यत्वे पृष्ठभागाच्या तयारीवर आणि लेपावर अवलंबून असते. साखर कारखान्यांत बाष्पीभवन पात्रांच्या नळ्यांत जमणारे क्षार काढण्यासाठी उच्चदाबाचा जलझोत वापरला जातो.

वाशीम जिल्हा मुख्यत्वे कृषिप्रधान असला तरी ज्या प्रकारच्या बांधकामांना ब्लास्टिंग लागते ती येथेही आहेत. पैनगंगा नदीवरील बॅरेजांना पोलादी दारे आहेत. पाण्याखाली व उन्हात आलटून पालटून राहणाऱ्या अशा दारांच्या रंगकामासाठी आयएस १४१७७ हे मानक आहे. अकोला-पूर्णा लोहमार्ग २००८ मध्ये रुंदमापी झाला आणि त्यावर वाशीम हे स्थानक आहे. रेल्वेच्या पोलादी तुळयांवर ब्लास्टिंगनंतर वितळलेल्या अॅल्युमिनियमचा फवारा मारण्याची पद्धत भारतीय रेल्वेत रूढ आहे. तालुक्याच्या गावांतील फॅब्रिकेशनच्या दुकानांत मात्र दारे, ट्रॉली आणि टाक्या यांचा गंज तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने काढण्याचीच रीत दिसते.

आरोग्यावरील परिणाम

वाळूचा कण आदळून फुटला की काही मायक्रॉन आकाराची धूळ तयार होते. ही धूळ डोळ्यांना दिसत नाही, नाकात अडकत नाही आणि फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोचते. तेथे तिच्याभोवती तंतुमय गाठी बनतात व फुप्फुसे कडक होत जातात. यालाच सिलिकोसिस म्हणतात. सामान्यतः तो दहा किंवा अधिक वर्षांच्या संपर्कानंतर दिसतो. ब्लास्टिंगसारख्या दाट धुळीच्या कामात मात्र तो थोड्या वर्षांत, क्वचित काही महिन्यांतही होऊ शकतो. काम सोडल्यावरही रोग वाढत राहतो आणि झालेली हानी भरून काढणारा उपचार उपलब्ध नाही.

सिलिकोसिसमुळे क्षयरोगाचा धोका वाढतो. दोन्ही रोगांत खोकला, धाप आणि वजन घटणे ही लक्षणे सारखीच असल्याने रुग्णावर केवळ क्षयरोगाचे उपचार होत राहतात आणि मूळ कारण नोंदले जात नाही. नोंद नसल्यास नुकसानभरपाईचा हक्क सिद्ध करणे अवघड होते. म्हणून डॉक्टरांना आपल्या कामाचे स्वरूप सांगणे रुग्णाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये श्वासावाटे शरीरात जाणाऱ्या स्फटिकरूप सिलिकाचा समावेश मानवात कर्करोग घडविणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला.

चेहऱ्याला बांधलेला रुमाल किंवा साधा कापडी मुखपट्टा या धुळीपासून संरक्षण देत नाही. चालकाला बाहेरून स्वच्छ हवा पुरविणारे हेल्मेट आवश्यक असते. ती हवा पुरविणारा कॉम्प्रेसर धुळीपासून व इंजिनाच्या धुरापासून दूर असावा लागतो. झोताच्या जवळ वावरणारे मदतनीस अनेकदा अशा साधनांविना असतात, पण त्यांनाही धोका तितकाच असतो.

जुन्या पुलांवर शेंदराचा, म्हणजे शिशाच्या ऑक्साइडचा, अस्तररंग असतो. तो ब्लास्टिंगने काढताना शिशाची विषारी धूळ उडते. याशिवाय प्रचंड आवाजामुळे बहिरेपणा येऊ शकतो. जलझोतात धूळ नसली तरी त्याची इजा फसवी असते. त्वचेवर टाचणीएवढीच जखम दिसते, पण पाणी आणि घाण आत खोलवर शिरलेली असते. अशा जखमीला तातडीने शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात नेणे आवश्यक असते.

कायदे

ब्रिटनने १९४९ च्या विशेष नियमांद्वारे ओतकाम व अन्य वस्तूंच्या ब्लास्टिंगसाठी वाळूचा वापर बंद केला. तुर्कस्तानात जीन्सच्या कापडाला जुनाट रूप देण्यासाठी वाळू मारणाऱ्या अनेक तरुण कामगारांना सिलिकोसिस झाल्याचे उघड झाले आणि २००९ मध्ये तेथे त्या कामातील वाळूच्या वापरावर बंदी आली. अमेरिकेने २०१६ मध्ये हवेतील श्वसनीय सिलिकाची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅम इतकी केली.

भारतात कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ८७ अन्वये धोकादायक क्रियांसाठी नियम करण्याचा अधिकार राज्यांना देण्यात आला. याच अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिसचा समावेश असून असा रुग्ण आढळल्यास कळविणे कलम ८९ नुसार बंधनकारक करण्यात आले. महाराष्ट्रात कारखान्यांतील सुरक्षिततेचे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे. या विषयावरील जुने कायदे एकत्र करण्यासाठी संसदेने २०२० मध्ये व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता संमत केली.

पर्यावरण व वारसा वास्तू

वापरलेला अपघर्षक आणि धुतलेले पाणी यांत जुन्या रंगातील जड धातू असू शकतात. म्हणून नदीवरील पुलाचे काम करताना खाली ताडपत्री किंवा बंदिस्त आवरण बांधून कचरा गोळा करावा लागतो. जलझोतात अपघर्षकाचा कचरा नसतो, पण दूषित पाणी गाळून घ्यावे लागते.

दगडी मंदिरे, लेणी आणि शिलालेख यांच्या स्वच्छतेसाठी कठीण कणांचे ब्लास्टिंग वर्ज्य मानले जाते. त्यामुळे दगडाचा हवेने पक्का झालेला बाह्य थर, छिन्नीच्या खुणा आणि अक्षरांच्या कडा कायमच्या नष्ट होतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने १९७९ मध्येच याविषयी इशारा देणारी पुस्तिका काढली होती. वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म म्हणजेच आजचे वाशीम, तसेच विदर्भातील अन्य प्राचीन स्थळे यांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

हेही पाहा

- गंज
- सिलिकोसिस
- ओतकाम
- अपघर्षक
- पैनगंगा नदी